एरंडेलाचे कागद

प्रिय माश्यामाऱ्या,

या नावानं आता तुला कुणी हाक मारत नसेल. तिकडे तू मोठ्या प्रयोगशाळेतला मोठा माणूस, नावामागे पदव्यांची ही लांब शेपटी. पण सुरुवात कशी करावी ते मला सुचेना. नुसतं नाव लिहिलं तर नगरपालिकेची नोटीस वाटत होती, आणि पूर्वी ज्या नावानं लिहायचे ते लिहायचा हक्क उरलाय की नाही, कोण जाणे. मग तुझी आई आठवली. "पोराला एवढं शिकवलं, आणि पोरगा काय करतो? माश्या मारतो!" असं येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची आणि सगळ्यांच्या आधी स्वतःच हसायची. म्हटलं, हेच नाव बरं. रागावलास तरी ओळखशील.

मी बरी आहे. दवाखाना तोच, चढावरचा. पत्रा बदलला, टेबल तेच आहे, त्याचा एक पाय अजून लंगडतो आणि त्याच्यावर उपचार करायला मला अजून सवड झालेली नाही. केस पिकलेत. चष्मा लागलाय, आणि तो कपाळावर चढवून मी तोच शोधत बसते. आई गेल्या वर्षी गेली. शेवटी शेवटी ती मला ओळखत नव्हती, कधी नर्स समजायची, कधी तिची धाकटी बहीण. पण तुझी आठवण मात्र कुठेतरी शाबूत राहिली होती. "तो उंच मुलगा जेवून गेला का गं?" असं मधूनच विचारायची. मी दरवेळी "हो, पोटभर जेवला" म्हणायचे. तिचं समाधान व्हायचं. नंतर भांडी घासताना मला उगाचच वाटायचं, की खरंच कुणीतरी नुकतंच ताटावरून उठून गेलंय.

पण हे सांगायला पत्र लिहीत नाही. सांगायचं ते हे, की या उन्हाळ्यात तुझ्या माश्या आमच्या गावात आल्या.

त्याची सुरुवात मिरीपासून झाली. मिरी म्हणजे आमच्या घड्याळवाल्या काकांची काळी कुत्री. काकांचं दुकान बेकरीच्या गल्लीत, दुकानामागेच घर. बायको वारल्यापासून काका आणि मिरी, दोघांचाच संसार. काका तिला घेऊन आले तेव्हा म्हणाले, "हिचं जेवण कमी झालंय आणि नखं फार वाढलीत, कापून द्या." ती फरशीवरून चालत आली तेव्हा टक् टक् आवाज येत होता, उंच टाचांच्या चपला घातल्यासारखा. मी खाली वाकून पाहिलं. नखं लांब होऊन आत वळलेली, डोळ्यांभोवतीचे केस गळून चष्मा घातल्यासारखी वर्तुळं पडलेली, अंगावर कोंडा, नाकपुडीशी वाळलेलं रक्त. मी नखं कापायची कात्री खाली ठेवली. पुस्तकातलं पान तोंडपाठ असावं आणि ते एक दिवस चार पायांवर दारातून आत यावं, तसं झालं.

मानेजवळच्या गाठीतून सुईनं थेंबभर द्रव काढला, काच रंगवली, आणि सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. होतेच ते. पेशीच्या पोटात लंबगोल दाणे, प्रत्येकात एक टिंब आणि त्याच्याशेजारी एक बारीक रेघ. लिशमानियाचे परजीवी. कॉलेजात पहिल्यांदा तू मला ते दाखवलंस तेव्हा म्हणाला होतास, "टिंब आणि रेघ. तारेची भाषा आहे ही. कुणीतरी आपल्याला तार पाठवलीय." मी तुला वेड्यात काढलं होतं. तुला खरं सांगू? आजार गंभीर होता, काका बाहेर बाकावर मिरीच्या पाठीवरून हात फिरवत बसले होते, आणि तरीही क्षणभर माझ्या मनात आलं ते एवढंच, की इतक्या वर्षांनी तार आली.

त्यानंतर आणखी कुत्री आली. दूधवाल्याचं, मग शाळेच्या शिपायाचं, मग कुणाचंच नसलेलं आणि सगळ्यांचं असलेलं ते चौकातलं शेपटीतुटकं. मी रोज काच रंगवायची आणि रोज तीच तार वाचायची. अशातच एके दुपारी सरकारी रुग्णालयातली नवी डॉक्टरीण माझ्याकडे आली. मी एका शेळीच्या पायाला पट्टी बांधत होते. ती दारातूनच म्हणाली, "तुमच्याकडे कुत्री आजारी पडताहेत का?" मी म्हटलं, "बसा." शेळीला सोडलं आणि तिच्यासमोर सूक्ष्मदर्शक सरकवला. तिनं पाहिलं, काच पुढेमागे सरकवून पुन्हा पाहिलं. मग म्हणाली, "माझ्या वॉर्डात एक मुलगी आहे. ताप जातो आणि परत येतो. पोट नगाऱ्यासारखं झालंय, प्लीहा, ती पानथरी, सुजून बेंबीपर्यंत आलीय. मला शंका होतीच, पण या भागात हा आजार कुणी पाहिलेला नाही, म्हणून मलाच माझा भरवसा वाटत नव्हता." मुलगी बेकरीवाल्याची. सगळे तिला चिमणी म्हणतात. अजून शाळेतही जात नाही. तिच्या अस्थिमज्जेच्या तपासणीत तेच दाणे निघाले. माणसांत यालाच काळा आजार म्हणतात, हे डॉक्टरणीला चिमणीच्या आईबापांना सांगावं लागलं. नाव ऐकूनच तिची आई भिंतीला टेकली.

बातमी गावभर पसरली, आणि तिचे पाय कुत्र्यांच्या दिशेनंच वळले. शाळेच्या हॉलमध्ये सभा भरली. मोठी माणसं लहान मुलांच्या बाकांवर गुडघे पोटाशी घेऊन बसली होती, एरवी मला हसू आलं असतं. नगराध्यक्ष म्हणाले, सगळी कुत्री मारायची, पाळीव असोत की भटकी. मी उभी राहिले. सांगितलं की कुत्रं चाटल्यानं किंवा चावल्यानं हे पसरत नाही. मध्ये एक माशी लागते. वाळूमाशी म्हणतात, पण वाळूशी तिचा काडीचा संबंध नाही, रंग तेवढा वाळूचा. डासापेक्षा कितीतरी लहान, गुणगुणत नाही, कळूही न देता चावते. आजारी कुत्र्याचं रक्त पिते आणि मग माणसाला चावते. ही कुत्री मारलीत तर नवी पिल्लं येतील, माशी इथेच आहे, ती त्यांनाही चावेल. लोक ऐकत होते की नाही कुणास ठाऊक. मागून बेकरीवाला उठला. अंगावरचं पीठही झटकलं नव्हतं. म्हणाला, "डॉक्टरीणबाई, मला एकच सांगा. तुमची कुत्री की माझी पोरगी?"

मी म्हटलं, "पोरगी." आणि मग म्हटलं, "कुत्री मारून पोरगी वाचणार असती तर मीच सुई उचलली असती. मला थोडे दिवस द्या. माशी कुठे आहे ते शोधून देते." कुठल्या भरवशावर बोलले, विचारू नकोस. तू शेजारी उभा आहेस, अशा थाटात बोलून गेले. घरी आल्यावर लक्षात आलं, की शेजारी कुणीच नाही.

मग मी एरंडेल आणलं. दुकानदारानं बाटल्या पिशवीत घालताना माझ्याकडे फार सहानुभूतीनं पाहिलं. म्हणाला, "एवढं घेऊ नका हो, त्रास होईल." त्याला काय सांगणार! स्वयंपाकाच्या टेबलावर माश्या चिकटवायचे कागद पसरले आणि ब्रशनं तेल लावत बसले. तो वास, तो चिकट, जड वास आला आणि मी वसतिगृहाच्या गच्चीवर जाऊन उभी राहिले. तू कागद धरायचास, मी तेल लावायची, वारा सुटला की कागद तुझ्या शर्टाला चिकटायचे आणि धोबी दर आठवड्याला आपल्या नावानं खडे फोडायचा. दिवस कलला की ते कागद घेऊन आपण तबेल्यांच्या भिंतींतल्या फटी शोधत हिंडायचो. तू काचेची नळी तोंडात धरून भिंतीवरची माशी अलगद ओढून घ्यायचास, आणि मी मुद्दाम काहीतरी बोलायची, तू हातानं खुणा करायचास, हसवू नकोस, गिळीन! लोकांना वाटायचं, ही काय दोन वेडी भिंतींना कान लावून फिरतात. एकदा तू भिंगातून मला ती बसलेली माशी दाखवलीस. दोन्ही पंख वर उभारलेले. "ही पंख मिटतच नाही," म्हणालास, "बसली तरी उडायच्या तयारीत." मी म्हटलं होतं, "तुझ्यासारखी." तेव्हा ती थट्टा होती.

तुझी शिष्यवृत्ती आली आणि त्याच आठवड्यात आईचं अर्धं अंग गेलं. तू "चल" म्हणालास, मी "थांब" म्हणाले, आणि दोघांनाही दुसऱ्याचं ऐकणं शक्य नव्हतं. यात चूक कुणाचीच नव्हती. चूक असती तर बरं झालं असतं, कुणीतरी माफी मागितली असती, कुणीतरी माफ केलं असतं, गोष्ट मिटली असती. पहिली काही वर्षं तू पत्रं लिहिलीस. मग तुझ्या लग्नाचं कळलं. मी कपाट आवरलं, दवाखान्यावर नवी पाटी लावली, आणि लोकांच्या गाईम्हशी बाळंत करत राहिले. "ढोरडॉक्टर" म्हणायचास ना मला, ती झाले. चांगली झाले हो, गाव नावाजतं.

असो. कागदांचं सांगत होते. मी ते सगळीकडे लावले. दूधवाल्याच्या गोठ्यात, जुन्या दगडखाणीच्या भिंतीत, शाळेच्या मागे, कचऱ्याच्या ढिगाशेजारी, आणि बेकरीच्या गल्लीत दोन्ही बाजूंना. सकाळी गोळा करत निघाले. शाळेमागचा कागद कोरा. खाणीत चार-दोन. गोठ्यात थोड्या. आणि बेकरीच्या परसात, घराच्या भिंतीला टेकून एक कोंबड्यांचं खुराडं होतं, तिथला कागद काढला तर त्यावर कुणी जिरं पेरावं तशा माश्या. खुराड्याखाली ओली विष्ठा, भुसा, कुजलेली पानं, आणि दगडी भिंतीला बोट जाईल एवढ्या फटी. मी कागद हातात धरून वर पाहिलं. खुराड्याच्या बरोबर वर एक खिडकी होती. खिडकीत कापडाची बाहुली उन्हात वाळत घातलेली होती.

हे त्या बापाला कसं सांगायचं? सभेत सांगितलं असतं तर माझं म्हणणं एका क्षणात सिद्ध झालं असतं. तेवढी नीच मी नाही. भट्टी निवल्यावर, दुकानात कुणी नसताना गेले आणि त्याला कागद दाखवला. तो पिठाच्या पोत्यावर बसला. मग म्हणाला, "कोंबड्या चिमणीसाठीच आणल्या हो. अशक्त होती, ताजं अंडं मिळावं म्हणून." मी त्याला सांगितलं, की कोंबड्यांना हा आजार होत नाही, त्यांच्या अंगात तो टिकतही नाही. माश्या त्यांच्या ओढीनं जमतात, ओल्या खतात वाढतात, एवढंच. हे तुम्हाला माहीत असायचं काही कारण नव्हतं, मलाही कागद लावेपर्यंत माहीत नव्हतं. त्यानं मान हलवली, पण त्याला ते ऐकू गेलं असं वाटलं नाही. दुसऱ्या दिवशी त्यानं कुणाचीही मदत न घेता खुराडं मोडलं, खालची माती खरवडून उन्हात पसरली, आणि भिंतीच्या फटी एकेक करून सिमेंटनं बुजवल्या. पुढच्या सभेत नगराध्यक्षांनी कुत्र्यांचा विषय काढला तेव्हा तोच उठला आणि म्हणाला, "कुत्र्यांचं नंतर बघू. आधी जो तो आपापली भिंत बघा."

मग गाव कामाला लागलं. गोठे साफ झाले, खताचे ढीग गावाबाहेर गेले, भिंतींवर औषध फवारलं, बारीक विणीच्या मच्छरदाण्या आल्या. मी घरोघर फिरून कुत्र्यांच्या गळ्यात माशी दूर ठेवणारे पट्टे बांधले. आजारी होती त्यांना गोळ्या चालू केल्या आणि मालकांना स्पष्ट सांगितलं, की हा आजार कुत्र्याच्या अंगातून पुरता जात नाही, पट्टा जन्मभर. सध्या आमची सगळी कुत्री गळ्यात पांढरे पट्टे घालून लग्नाला निघाल्यासारखी दिसतात. चिमणी घरी आली. तिचं पोट उतरलं, ताप गेला, आणि दुकानात बसून ती गिऱ्हाइकांना बाहुलीचं पोट दाखवत "हिची पानथरी वाढलीय" असं सांगते. ती घरी आली त्या दिवशी डॉक्टरणीनं आणि मी बेकरीतच उभ्या उभ्या केक खाल्ला.

मिरी मात्र गेली. ती माझ्याकडे आली तेव्हाच तिची मूत्रपिंडं निम्मी निकामी झालेली होती, गोळ्यांनी थोडे दिवस बरे गेले आणि मग ती पाणीही घेईना. काकांनीच म्हटलं, "आता तिला मोकळं करा." मी दुकानात गेले. भिंतीवर सगळी घड्याळं चालू होती. त्यांनी तिचं डोकं मांडीवर घेतलं, मी सुई दिली. ती शांत झाल्यावर मी विचारलं, की ही संध्याकाळी कुठे असायची, कारण वाळूमाशी दिवेलागणीलाच बाहेर पडते. काका म्हणाले, "उंबऱ्यावर. आमची ही त्या वेळेला बाजारातून यायची ना. ती गेल्यावरही मिरी रोज त्या वेळेला उंबऱ्यावर जाऊन बसायची, गल्लीकडे तोंड करून. कुत्र्याला कसं सांगायचं की आता कुणी येणार नाही? मग मीही तिच्याशेजारी बसायचो." मग म्हणाले, "लोकांना वाटायचं, मी कुत्र्याला सोबत करतो."

मी काकांचं रक्त तपासायला पाठवलं. तेही त्याच उंबऱ्यावर बसायचे, म्हणून. काही निघालं नाही. त्यांना तसं सांगायला गेले तर म्हणाले, "बरं झालं," आणि एका घड्याळात तोंड घातलं. मी परत येताना मुद्दाम लांबच्या रस्त्यानं आले. इतकी वर्षं मी स्वतःलाच सांगत आलेय, की मी आईला सोबत करते, दवाखान्याला सोबत करते, गावाला माझी गरज आहे. आई गेली तरी संध्याकाळी दवाखाना बंद करून मी पायरीवर बसतेच. हवा खायला, असं म्हणते.

आता पत्र का लिहिलं ते. आरोग्य खात्यानं आमच्याकडे वाळूमाशीच्या अभ्यासासाठी छोटी प्रयोगशाळा मंजूर केलीय. जुन्या धान्यगोदामाच्या वरच्या दोन खोल्या, एक खिडकी दवाखान्याकडे उघडते. माश्यांचा जाणकार माणूस सुचवा, असं मलाच विचारलंय. मी आपल्या बाईंना फोन केला, ज्यांनी आपल्या दोघांना परजीवीशास्त्र शिकवलं आणि एकाच बाकावर बसल्याबद्दल रोज ओरडल्या, त्यांना. बाईंनी आणखी कुणाचं नाव घेतलंच नाही. तुझी बायको जाऊन काही वर्षं झाली, तू एकटा असतोस, हेही त्यांनीच सांगितलं. त्याचं वाईट वाटलं, अगदी मनापासून. आणि मग म्हणाल्या, "दरवेळी फोन करतो, तुझी चौकशी करतो, आणि तिला सांगू नका म्हणतो. आता माझं वय झालं गं, गुपितं सांभाळायला डोकं पुरत नाही." मी अजून तुझं नाव दिलेलं नाही. आधी तुला विचारतेय. पगार तिकडच्यापेक्षा कमी आहे, जिना अंधारा आहे, पाणी सकाळीच येतं. माश्या मात्र भरपूर आहेत, तुला म्हातारपणापर्यंत पुरतील. पण एक सांगते, नीट ऐक. फक्त माश्यांसाठी येणार असशील तर येऊ नकोस. त्या काय, कुणीही पकडेल.

कुणी विचारो न विचारो, तुझीच,
ढोरडॉक्टर